जुन्या डच बार्ज : कुळकथा कशी शोधायची आणि पुढे त्यांचं काय करायचं?

कालवाकाठ (धागालेखक)

नेदरलँड्समधल्या आमच्या छोट्या गावात कालव्याच्या धक्क्याला एक जुनं मालवाहू जहाज, म्हणजे बार्ज, बांधून ठेवलेलं आहे. मालक वारले, वारसांना ते नको आहे, आणि नगरपालिकेने रहिवाशांकडून सूचना मागवल्या आहेत. कुणी काही ठोस सुचवलं नाही तर ते भंगारवाल्याकडे जाईल. ते जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा. इथे जहाजांच्या कामातले, इतिहास वाचणारे, कोकणातले, गोव्यातले बरेच जण आहेत. सगळ्यांनी लिहा.

आधी थोडी ओळख. आपल्याला ही जहाजं सगळी सारखीच दिसतात. इथला जुना माणूस मात्र नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, पाहून जात सांगतो. 'त्याल्क' जातीची नाळ गोल आणि भरलेली, बूड सपाट, दोन्ही कुशींना एकेक मोठा लाकडी फळा लटकावलेला. इथलं पाणी उथळ, त्यामुळे खाली खोल कणा ठेवता येत नाही. शिडावर असताना जहाज आडवं सरकायला लागलं की वारा येतो त्याच्या पलीकडच्या बाजूचा फळा पाण्यात सोडायचा. डोलकाठी बुडाशी बिजागरीवर, पूल आला की आडवी करायची. हेग शहराच्या ठेंगण्या पुलांखालून जाता यावं म्हणून मुद्दाम बुटकी बांधलेली 'हाखेनार' नावाची जात आहे. फ्रीसलँडचं स्कूत्शे त्याहून लहान, ते पीट (दलदलीतून कापून वाळवलेलं जळण) आणि शेणखत वाहायचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला क्लिपर आलं, पुढे झुकलेल्या धारदार नाळेचं आणि वेगवान. मग १९२० च्या दशकात लुक्समोटर : उभी सरळ नाळ, शिडाऐवजी इंजिन, आणि मागच्या बाजूला स्किपरच्या (जहाज चालवणाऱ्याच्या) कुटुंबासाठी त्या काळच्या मानाने ऐसपैस घर. आमच्या धक्क्यावरचं जहाज या जातीचं आहे.

त्याआधीच्या जहाजांत कुटुंब 'रूफ'मध्ये राहायचं, म्हणजे मागच्या टोकाला असलेल्या एका ठेंगण्या खोलीत. नवरा, बायको, मुलं, चूल, भिंतीतल्या कपाटासारख्या खाटा, सगळं तिथेच. उरलेलं सगळं जहाज मालाचं. वारा पडला की बायको आणि मोठी मुलं काठावर उतरायची, छातीवर रुंद पट्टा बांधायची आणि दोराने जहाज ओढत चालायची, तर नवरा सुकाणूवर. त्या ओढवाटा आज सायकलचे रस्ते झाले आहेत. मी रोज तशाच एका वाटेवरून ऑफिसला जातो आणि हा विचार मनातून जात नाही.

ही जहाजं एवढी टिकली याचं एक कारण कायद्यात आहे. मंदीच्या काळात, १९३३ मध्ये, देशांतर्गत माल सर्व स्किपरांमध्ये पाळीने वाटायचा कायदा झाला. स्किपरांच्या बाजारात फळ्यावर माल लागायचा, ज्याचा नंबर आधी तो आधी निवडणार. त्यामुळे छोट्या, जुन्या जहाजांनाही काम मिळत राहिलं. ही पद्धत मोडायचं घाटलं तेव्हा १९७५ मध्ये स्किपरांनी जहाजं आडवी लावून जलमार्ग अडवले होते. शेवटी १९९८ मध्ये ती गेलीच. त्याआधी १९८९ पासून युरोपीय पातळीवर जादा जहाजं मोडण्यासाठी पैसे मिळायला लागले होते, आणि कितीतरी चांगली जहाजं तेव्हा कापली गेली. जी वाचली ती बहुतेक घरं झाली म्हणून वाचली. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे घरांची भयंकर टंचाई होती आणि निवृत्त जहाज स्वस्तात मिळायचं. आज एकट्या ॲमस्टरडॅममध्ये सुमारे २,५०० तरंगती घरं आहेत.

आता माझा पहिला प्रश्न, कुळकथेचा. नावावरून शोधण्यात अर्थ नाही. प्रत्येक मालक नाव बदलतो, आणि 'दोघे भाऊ' किंवा 'शुभ अपेक्षा' अशा अर्थाची नावं शेकडो जहाजांना आहेत. शोधायचा तो आकडा. इथे जहाजाची नोंद जमिनीसारखी भूमापन खात्यात, म्हणजे काडास्टरमध्ये होते आणि ती खूण पत्र्यात ठोकलेली असते : आधी अनुक्रमांक, मग देशांतर्गत जहाजासाठी 'बी', मग कार्यालयाच्या शहराची अक्षरं, मग वर्ष. आमच्या जहाजावर ती जागा रंगाच्या थरांखाली बुजली होती. खरवडायचं धाडस होईना. मग पातळ कागद लावून वरून मऊ पेन्सिल आडवी घासली, जसं लहानपणी नाण्यावर करायचो. आधी 'बी' उमटला, मग त्याच्या शेजारी अर्धवट आकडे. बोटांना ती खाच लागत होती. शेवटचे दोन आकडे मात्र वरून मारलेल्या वेल्डखाली गेले आहेत.

तर पुढे कसं जायचं? आणि दुसरा प्रश्न, जहाज वाचलंच तर गावाने त्याचं काय करावं?

मचवा

सुंदर धागा. तुमच्या पहिल्या प्रश्नाला दुसरी वाट आहे. काडास्टरच्या खुणेशिवाय मापन खात्याची वेगळी खूण असते. १८९८ मध्ये ब्रसेल्सला देशोदेशींचा करार झाला आणि जहाजात किती टन माल मावतो ते मोजायची एकच पद्धत ठरली. नेदरलँड्समध्ये त्यानुसार मोजणी सुरू झाली. मोजलं की कार्यालयाचं अक्षर, क्रमांक आणि देशासाठी 'एन' अशी खूण ठोकायची, आणि कुशीवर पाण्याच्या पातळीजवळ छोट्या पट्ट्या बसवायच्या. त्या पट्ट्या किती बुडाल्या यावरून माल किती चढला हे कळायचं, म्हणून पट्ट्या अजून आहेत का ते आधी बघा.

या मोजणीची जाडजूड नोंदणीपुस्तकं, 'लिखर्स' म्हणतात त्यांना, रॉटरडॅमच्या सागरी संग्रहालयाने जपली आहेत. त्यात जहाजाचं नाव, मालक, लांबी-रुंदी, टनभार आणि बऱ्याचदा बांधणीचं ठिकाण आणि वर्ष असतं. नाव बदललं, डागडुजी झाली, पुन्हा मोजलं, तर जुन्या क्रमांकावरून नव्याकडे जाता येतं.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. काडास्टरच्या खुणेतलं वर्ष हे नोंदणीचं असतं, बांधणीचं नव्हे. जहाज तारण ठेवून कर्ज काढताना पहिल्यांदा नोंद झाली असं पुष्कळदा घडलंय, तेव्हा जहाज वीस वर्षांचं जुनं असू शकतं. आणि लांबीवर विसंबू नका. धंदा वाढला की मधोमध कापून पाच-सहा मीटरचा तुकडा घालायची इथे सर्रास पद्धत होती. रिव्हेटच्या (पत्रे जोडायला ठोकलेल्या खिळ्यांच्या) ओळींत मध्येच वेल्डिंगचा सलग पट्टा दिसला तर समजा की जहाज लांबवलं आहे.

मचवा

वरती लिहायचं राहिलं. तुमच्या जहाजाच्या कागदांत १९४० च्या सुमाराला पोकळी सापडली तर आश्चर्य वाटू देऊ नका. इंग्लंडवर स्वारी करण्यासाठी जर्मनांनी त्या वर्षी युरोपभरातून सुमारे २,४०० बार्ज गोळा केल्या, त्यातल्या जवळपास १,२०० नेदरलँड्स आणि बेल्जियममधून. नाळ कापून उतार बसवला, तळाशी काँक्रीट ओतलं, म्हणजे रणगाडे उतरवता येतील. स्वारी झाली नाही, पण बंदरात बांधून ठेवलेल्या या बार्जवर ब्रिटिश विमानांनी बॉम्ब टाकले आणि त्यात बऱ्याच गेल्या. कालव्यात वाळू वाहणाऱ्या एखाद्या कुटुंबाचं घर आणि पोट दोन्ही एका हुकमाने गेलं. या कुटुंबांबद्दल फार कमी लिहिलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

उलट बाजूची गोष्टही आहे. त्याच वर्षी मे महिन्यात डच किनारी जहाजं पळून इंग्लंडला पोचली होती. त्यातली चाळीसेक ब्रिटिश नौदलाने ताब्यात घेतली आणि डंकर्कहून २२ हजारांवर सैनिक त्यांनी आणले. ती कालव्यातली नव्हेत, समुद्रकाठाने जाणारी थोडी मोठी जहाजं, पण पुष्कळशी त्याच गोद्यांतली.

टीग_वेल्डिंग

इतिहासाआधी पत्रा मोजा. मी जहाजदुरुस्तीत आहे म्हणून सांगतो, या जहाजांचा सगळा निकाल तळाच्या जाडीवर लागतो. मूळ पत्रा साधारण पाच-सहा मिलिमीटर. ध्वनिलहरींच्या मीटरने जागोजागी मोजतात. चार मिलिमीटरच्या खाली गेलं की विमावाले तोंड फिरवायला लागतात. मोजणी पाण्यात होत नाही. जहाज स्लिपवर, म्हणजे काठावरच्या उतारावर, ओढून, शेवाळ आणि शिंपले धुऊन, जुनं डांबर उडवून मगच.

गंज बाहेरूनच लागतो असं नाही. सगळ्यात वाईट जागा आतल्या असतात : टॉयलेटखाली, इंजिनाखाली जिथे तेलकट पाणी साचतं तिथे, आणि आत लाकडी फरशी टाकून कुणी वर्षानुवर्षं उचकटलेली नसते तिथे. बाहेरून चकचकीत रंग आणि आतून बोट घातलं तर पापुद्रे, हे मी पाहिलं आहे. पत्रा पातळ झाला की वरून दुसरा पत्रा चढवून कडेने वेल्ड करतात. चालतं, पण दोन पत्र्यांमध्ये पाणी शिरलं तर आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही. सडका भाग कापून नवीन घालणं महाग पण खरं काम.

रिव्हेटच्या जहाजावर वेल्डिंग करताना घाई करायची नाही. उष्णतेने शेजारचे रिव्हेट सैल होतात आणि दुसऱ्या दिवशी थेंब थेंब पाणी येतं. फार जुन्या जहाजाचं लोखंड तर थरांचं असतं, वेल्ड एकाच थराला धरून बसतो. मात्र गंजायच्या बाबतीत ते जुनं लोखंड नंतरच्या पोलादापेक्षा चिवट, हेही खरं.

आणि किनाऱ्यावरची वीज. जहाज धक्क्याला बांधून थेट विजेला जोडलं की शेजारच्या जहाजांशी, धक्क्याच्या लोखंडी पत्र्यांशी विद्युतमंडल पूर्ण होतं आणि आपला तळ हळूहळू पाण्यात विरघळतो. मध्ये विलगीकरणाचा ट्रान्सफॉर्मर हवाच. तळाऐवजी स्वतः झिजणारे 'बळीच्या' धातूचे ठोकळे लावायचे ते गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे, समुद्रात जस्ताचे. तुमचं जहाज दोन वर्षं नुसतं बांधून असेल तर हे सगळं आधी तपासा, उपयोगाचं नंतर बघू.

ग्रंथकीटक

दुसऱ्या प्रश्नावर. लंडनला किंग्ज क्रॉसच्या मागे रीजंट्स कालव्यावर एका १९२० च्या दशकातल्या डच बार्जमध्ये पुस्तकांचं दुकान आहे, 'वर्ड ऑन द वॉटर'. आत चूल पेटलेली असते, माल भरायच्या जागेत कपाटं, छतावर कधी गाणं-बजावणं. अनेक वर्षं त्यांना एका जागी थांबायची परवानगी नव्हती, ठरावीक दिवसांनी हलावं लागायचं. कायमची जागा मिळाली तेव्हा कुठे दुकान स्थिरावलं. तेव्हा कालवाकाठ, जहाजाहून महत्त्वाची गोष्ट जागा. बांधायचा परवाना नसेल तर बाकी सगळ्या कल्पना कागदावर.

ॲमस्टरडॅमच्या प्रिन्सनग्राख्तवर 'हेंड्रिका मारिया' हे १९१४ चं वाळू वाहणारं जहाज आता हाउसबोट संग्रहालय आहे. आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवते ती उंची. माल भरायची जागा एवढी प्रशस्त आणि रूफमध्ये खाट एवढी आखूड, की माणसं पाय दुमडून झोपत असणार. आणि सिंगेलवर मांजरांची बोट. हेन्रिएट फान वेल्डे नावाच्या बाईंनी १९६६ मध्ये घरासमोरच्या एका मांजरीला आसरा दिला, घर भरलं, मग १९६८ मध्ये त्यांनी एक जुनी बार्ज घेतली. आज ती रीतसर नोंदणी झालेली संस्था आहे. वाचनालय, मांजरांचा आसरा, काहीही चालेल, पण गावातल्या माणसांना आत पाऊल टाकता आलं पाहिजे. खासगी घर झालं की गावाचा त्याच्याशी संबंध संपतो.

कोरलई

माझं मत वेगळं. जहाज चाललं पाहिजे. बांधून ठेवलेलं जहाज हे फक्त आकाराने जहाज.

नेदरलँड्समध्येच याचं उदाहरण आहे. हार्लिंगेन, एन्खाउझन, स्तावोरन इथून जुनी क्लिपर आणि त्याल्क जहाजं पर्यटकांना घेऊन आयसलमेर आणि वाडन समुद्रात जातात. 'तपकिरी ताफा' म्हणतात त्याला, शिडांच्या रंगावरून. ती शिडं टिकावीत म्हणून पूर्वी ओकच्या सालीच्या, पुढे काताच्या उकळत्या पाण्यात बुडवत. कात म्हणजे तोच, आपला खैराचा, आशियातून तिकडे जाणारा. आमच्याकडे कोळी जाळ्यांना झाडाच्या सालींचा रंग द्यायचे तेही त्याच कारणासाठी, तंतू कुजू नयेत म्हणून. आजोबांचे हात कोपरापर्यंत लालसर असायचे. आता तिकडे शिडं कृत्रिम धाग्याची आणि रंग कारखान्यातून येतो, इकडे जाळी नायलॉनची.

फ्रीसलँडमध्ये दर उन्हाळ्यात स्कूत्शेंच्या शर्यती होतात. १९४५ पासून त्यासाठी मध्यवर्ती समिती आहे. जी जहाजं एकेकाळी शेणखत वाहायची, ती आता गावाची शान. प्रत्येक जहाजामागे गाव उभं असतं, तरुण पोरं शीड ओढायला शिकतात. हातातलं कसब त्यामुळे टिकलं.

टीग_वेल्डिंग

@कोरलई, पूर्ण सहमत, पण त्या ताफ्याची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. २०१६ मध्ये हार्लिंगेनजवळ एका जुन्या क्लिपरची डोलकाठी मोडून तीन जर्मन प्रवासी गेले. लाकूड आतून कुजलं होतं. २०२२ मध्ये शिडाचा आडवा वासा कोसळून शाळेच्या सहलीतली बारा वर्षांची मुलगी गेली. जुनं जहाज चालवायचं तर तपासणीत सूट मागायची नाही. 'ऐतिहासिक आहे' हे सांगून आई-बापांचं समाधान होत नाही.

तिसवाडी

गोव्याहून. तुम्ही लोक एका जहाजाच्या आकड्यासाठी कागद घासताय हे वाचून भरून आलं.

आमच्या मांडवी-झुआरीत खनिजाच्या बार्जची रांग लागायची. खाणीजवळच्या जेटीवरून मुरगावपर्यंत, भरतीच्या वेळेचं गणित करून. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे थोड्या सुरू झाल्या, २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या आणि पुन्हा थांबल्या. बार्ज नदीकाठाला गंजत पडल्या, कितीतरी भंगारात गेल्या. आमच्या वाड्यावरचे अनेक जण बार्जवर होते, कुणी तांडेल, कुणी इंजिनवर.

डच बार्जशी त्यांचं नातं नाही हे कबूल. त्या वेल्डिंगच्या, खूप मोठ्या, आणि त्यावर कुटुंबं राहत नव्हती. पण नोंदणी होती, बंदर कप्तान खात्याकडे होतेच. प्रत्येक बार्जचं नाव, गोदी, मालक लिहिलेलं असणार. त्यावर काम केलेली माणसं अजून आहेत. त्यांच्याकडून लिहून घ्यायला हवं, ही कल्पना तुमचा धागा वाचून पहिल्यांदा आली. मी आमच्या वाड्यापासून सुरुवात करतो. नवीन धागा काढला तर इथे दुवा देईन.

मचवा

@तिसवाडी, नक्की काढा. तांडेलांना मार्ग विचारा, नुसत्या आठवणी नकोत : कुठल्या वळणावर गाळ, कुंभारजुवेच्या कालव्यातून कधी जायचे, कधी नाही. हे कुठल्याच रजिस्टरात मिळणार नाही.

कालवाकाठ

सगळ्यांचे आभार. पट्ट्या सापडल्या! डाव्या कुशीला दोन, एक अर्धी गळालेली. मापन खात्याचा क्रमांकही मिळाला, तो पूर्ण आहे. नोंदणीपुस्तकांत शोधायला एका जाणकार आजोबांनी मदत करायचं कबूल केलंय. त्यांचं बालपण स्किपरांच्या मुलांसाठीच्या वसतिगृहात गेलं. आई-वडील सतत पाण्यावर, मुलं शाळेसाठी बोर्डिंगात, सुट्टीत जहाज ज्या गावात असेल तिथे आगगाडीने जायचं. ते जहाजावर आले, रिव्हेटवर हात ठेवला आणि बराच वेळ वडिलांच्या जहाजाच्या इंजिनाबद्दल बोलत राहिले. त्या जुन्या इंजिनाच्या डोक्यावरचा लोखंडी गोळा सकाळी स्टोव्हच्या ज्योतीने लालबुंद तापवावा लागायचा, तेव्हा कुठे ते सुरू व्हायचं. ते काम त्यांचं असायचं, वय नऊ.

उपयोगाबद्दल गावात दोन तट आहेत. एक म्हणतो ॲमस्टरडॅमच्या 'द क्युव्हल'सारखं करा. तिथे जुन्या गोदीची विषारी झालेली जमीन होती. टाकून दिलेल्या हाउसबोटी जमिनीवर ओढून त्यांत लहान कार्यशाळा, स्टुडिओ थाटले, मधून लाकडी पूलवाट काढली आणि खाली माती शुद्ध करणारी झाडं लावली. २०१४ पासून चालू आहे आणि मला ते फार आवडलं. पण तिथल्या बोटी तशाही पाण्यावर टिकण्याजोग्या नव्हत्या. आमचं जहाज टिकण्याजोगं असेल तर त्याला जमिनीवर आणणं मला पटत नाही.

दुसरी कल्पना मालाचीच. उत्रेख्तमध्ये १९९६ पासून नगरपालिकेची बोट कालव्यातून हॉटेलांना बिअर आणि किराणा पोचवते, २०१० पासून विजेवर. ॲमस्टरडॅमच्या धक्क्यांच्या भिंती घोडागाड्यांच्या काळातल्या, अवजड ट्रकांनी खचताहेत. २०२० मध्ये ख्रिमबुर्गवालची भिंत कालव्यात कोसळलीच. त्यामुळे बांधकामाचा माल पुन्हा पाण्यावरून न्यायला लागले आहेत. आमच्या गावात पुढच्या वर्षी धक्क्याची दुरुस्ती आहे. विटा, वाळू, राडारोडा. लुक्समोटर शे-दीडशे टन सहज उचलतं, म्हणजे आठ-दहा ट्रक गावातून कमी. हे जहाज ज्या कामासाठी बांधलं तेच काम, निदान दुरुस्ती चालेल तोवर. आणि मागच्या घरात शाळेच्या मुलांसाठी आजोबांसारख्यांच्या आठवणींची जागा.

ग्रंथकीटक

हे माझ्या पुस्तकांपेक्षा चांगलं आहे. पण माल वाहायचा म्हणजे व्यापारी जहाजाचे नियम लागतील. वीस मीटरहून लांब जहाजाला तपासणीचं प्रमाणपत्र, शिवाय परवानाधारक स्किपर. नगरपालिकेकडे जाताना हा खर्च वेगळा काढून दाखवा.

कोरलई

परवानाधारक स्किपरसाठी त्या आजोबांनाच विचारा. त्यांच्या ओळखीत निवृत्त स्किपर असतीलच, आणि अशा माणसाला हाताखाली दोन पोरं शिकायला मिळाली तर तो नाही म्हणणार नाही.

टीग_वेल्डिंग

आणि त्याच्याही आधी स्लिप. जाडीचा अहवाल मिळाला की आकडे इथे टाका, फोटो जवळून काढा, विशेषतः इंजिनाखालचे आणि सुकाणूच्या दांड्याजवळचे. कुठला पत्रा बदलावा लागेल आणि कुठला ठेवता येईल ते मी बघून सांगतो.

कालवाकाठ

स्लिपची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली आहे. अहवाल आला की याच धाग्यावर टाकतो.